फिलेमोनाचं उत्तर

कोट्टयम, ५ जून १९६७

चि. कुंजेली हिस अनेक आशीर्वाद.

फिलेमोनाच्या पत्रावरचं माझं भाष्य एकदाचं हातावेगळं झालं. पत्र चतकोर, भाष्य चारशे पानांचं! आमच्या सेमिनरीत सगळेच ग्रीकचे पंडित म्हणवतात. खरं ग्रीक येतं मला आणि माझ्या मदतनिसाला, पत्रोसला. बाकीच्या गाढवांना गुळाची चव काय!

पळालेला गुलाम अनेसिम. पौल त्याला मालकाकडे, म्हणजे फिलेमोनाकडे, परत धाडतो आणि लिहितो की गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घे. हा भाऊ नुसता प्रार्थनेपुरता नव्हे, घरातलाही, हे मी सिद्ध केलंय. गोऱ्या पंडितांनी इथे जी गुळगुळीत सारवासारव केली, तिची सालटी काढलीत.

आपल्या वडिलांची, अप्पच्चनांची, सुरियानी भाषेतली पोथी उतरवून घ्यायला पत्रोसला सुटीत तुझ्याकडे पाठवतोय. आपल्या शेतावर राबणाऱ्या अस्पृश्य पुलय्यांच्यातला पोर, पण इथे माझ्या शेजारी बसून जेवतो. लोक नाकं मुरडतात. मुरडोत बापडे! त्याला पोटभर खाऊ घाल. तुझ्या लेकीला, रिबेकालाही आशीर्वाद.

तुझा थोरला भाऊ,
इट्टियेरा

कोळंचेरी, ३ जुलै

ती. अच्चायन यांना शि. सा. न.

पोथी उतरवून झाली, तरी पत्रोसचा पाय काही निघत नाही. कप्प्याचा उकडलेला कंद आणि मासळीचं कालवण मागून घेतो. जेवण झालं की रिबेकाशी वाद. परवा विषय होता तीमथ्याच्या पत्रातला, बायकांनी गप्प बसावं हा. आमच्या रिबेका प्राध्यापकीणबाई म्हणाल्या की गप्प बसा असं लिहून कळवावं लागलं, म्हणजे बायका चांगल्या बोलत होत्या. पत्रोसनं तिथल्या तिथे हार मानली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. शिकलेला पुरुष इतक्या लवकर हार मानतो तो प्रेमात पडल्यावरच.

तर दोघांना लग्न करायचंय, आणि मी हो म्हटलंय. घरचे पाद्री तुम्ही, तेव्हा लग्न तुम्हीच लावायचं. तुमचं ते 'घरातला भाऊ' प्रकरण त्यानं मला वाचून दाखवलं. जावई भावापेक्षा चार हात लांबचाच, तेव्हा तुम्हाला जड जाऊ नये.

लोभ आहे तसा राहू द्यावा.

तुमची,
कुंजेली

कोट्टयम, ८ जुलै

कुंजेली,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? भाष्य वेगळं, सोयरीक वेगळी. पौलानं समाजाची घडी मोडा असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याचा रोख अंतःकरणावर आहे. पत्रोस प्रभूत माझा भाऊ आहेच, म्हणून काय भाची द्यायची? रिबेकाचे वडील आज असते तर ही वेळ आली नसती. पाला गावचं, रबराच्या मळ्यांचं स्थळ मी कधीपासून सुचवतोय.

पत्रोसला मी कामावरून कमी केलंय. त्यानं भलत्या ताटात हात घातला.

इट्टियेरा

कोळंचेरी, १६ जुलै

ती. अच्चायन यांना शि. सा. न. (सवयीनं लिहिलं.)

घरातला भाऊ एका पत्रात अंतःकरणात जाऊन बसला! चारशे पानं लिहून जे तुम्हाला जमलं नाही, ते आमच्या स्वयंपाकघरात पानावर मासा वाढता वाढता झालं. गोऱ्या पंडितांच्या सालट्यांचं काय केलंत? जपून ठेवली असतील तर आता अंगावर घ्या, उपयोगी पडतील.

आणि ताटाचं म्हणाल, तर तुमच्या शेजारी तो जेवायचा तेव्हा त्याचं ताट कोण घासायचं, हे मी त्याला विचारलं. म्हणाला की स्वतःच, आणि मागच्या अंगणात. हे तुम्ही मला लिहिलं नव्हतंत.

रिबेकाचे वडील असते तर तुमचं पत्र वाचून खोखो हसले असते. मला तेवढं हसू येत नाही.

आपल्या देवळाच्या मंडळींनी लग्नाची घोषणा वाचायला नकार दिला. शोभलं. तेव्हा कालव्यापलीकडच्या झावळ्यांच्या देवळात लग्न होईल. अप्पच्चनांनीच ते पुलय्यांना बांधून दिलं होतं, त्यांचा आणि आपला प्रभू एकच, फक्त त्यांच्या घामाचा वास आपल्या देवळात नको म्हणून. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी. यायचं तर या.

कुंजेली

कोट्टयम, २५ ऑगस्ट

चि. कुंजेली,

प्रकृती बरी नाही, प्रवास झेपणार नाही. एक अडचण आहे. छापखान्यातून मुद्रितं आलीत आणि ग्रीक तपासायला इथे माणूस नाही. माझे डोळे साथ देत नाहीत. पत्रोसला विचारून पाहशील का? लग्नाचा विषय त्यात आणू नये.

इट्टियेरा

कोळंचेरी, ४ सप्टेंबर

ती. अच्चायन यांना शि. सा. न.

मुद्रितं सोबत परत पाठवतेय. रिबेका म्हणत होती की चुलीत घाला. पत्रोस म्हणाला की चुका पौलाच्या नावावर खपतील, ते बरं नाही. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत तपासत बसला होता.

लग्न झालं. रिबेकाला लग्नाची साडी मी नेसवली, आपल्या आईची, अम्मच्चीची. तुमच्यासाठी पुढे खुर्ची मांडली होती. उपदेशक रिकाम्या खुर्चीकडे बघून घुटमळले, तेव्हा मी त्यांना सुरू करायला सांगितलं.

जेवणं झाल्यावर पत्रोसनं आपल्या माणसांना फिलेमोनाचं पत्र वाचून दाखवलं. लोक रंगून ऐकत होते. संपल्यावर त्याच्या आजीनं विचारलं की पुढे मालकानं काय केलं, घरात घेतलं का त्याला? पत्रोस म्हणाला की ते कुणालाच ठाऊक नाही. पौलाचं पत्र आहे, फिलेमोनाचं उत्तर सापडत नाही. म्हातारी म्हणाली, बरंच झालं, आशेला जागा राहिली.

अच्चायन, फिलेमोनाचं नशीब थोर. तुमची दोन्ही उत्तरं माझ्याजवळ आहेत.

कुंजेली