ठिणगीची वेळ

प्रिय भिंगरी,

तुझी आणि बाळराजांची तब्येत छान आहे, असं आई सांगते आणि मी ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतो. तुम्हा दोघांना घरी आणायला मी आपली व्हॅन घेऊन येणार, हे ठरलेलंच आहे. जावईबापू टॅक्सीचं म्हणत होते. पण तुझ्याआधी घरात आलेली ही तुझी थोरली बहीण दारात उभी असताना माझा नातू परक्या गाडीतून का येईल?

आणि नेमकं आताच बाईसाहेबांनी अंग टाकलं. सकाळी सुरू व्हायला नखरे, चढाला धाप, आणि मागून असा बार काढायची की शेजारचा शिंपी म्हणाला, काका, निघताना आधी सांगत जा, माझी कात्री वाकडी जाते.

लहानपणी तुला सांगायचो ते आठवतं? पेट्रोल पेटवणारी ठिणगी वेळेवर पडायला हवी. उशिरा पडली तर वरातीमागून घोडं, गाडीत जोरच उरत नाही. लवकर पडली तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, इंजिन आतल्या आत कडकडतं आणि स्वतःचंच वाटोळं करून घेतं. ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पाहिलं, तर आतले ठिणगीची वेळ धरणारे पॉइंट झिजून मधली फट जवळजवळ बुजलेली. म्हणजे ठिणगीला उशीर. पॉइंट घासले, मापाची पत्ती घालून फट नीट केली. मग इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवत नेला आणि कानाला गोड लागलं तिथं आवळला. मी हे कुणाकडे शिकलो नाही, बिघडवत बिघडवत शिकलो, आणि आजवर कानानंच केलं. जावईबापूंनी हौसेनं दिलेला, ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंगचा दिवा खोक्यातच पडून होता. मी म्हणायचो, सासऱ्याचा कान असताना दिवा कशाला?

आईला शेजारी बसवून पाण्याच्या टाकीच्या चढावर नेली. गाडीनं ओढ अशी घेतली की मी मिशीतल्या मिशीत हसत होतो. आई म्हणाली, डब्यात खडे हलवल्यासारखं काय वाजतंय? मी म्हटलं, तुझ्या पिशवीतल्या किल्ल्या असतील. तिनं पिशवी पोटाशी घट्ट धरली, तरी तिला वाजतच होतं. परत आलो, पुन्हा कानानं लावलं, पुन्हा चढावर गेलो. पुन्हा तेच. या वेळी तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"अहो, खरंच तुम्हाला हे ऐकू येत नाही?"

घरी येऊन जावईबापूंचा दिवा काढला आणि पहिल्या प्लगच्या वायरीला लावला. प्रत्येक ठिणगीला तो लुकलुकतो आणि त्यात इंजिनाच्या फिरत्या पुलीवरची खूण थिजल्यासारखी दिसते. ती इंजिनावरच्या रेघेच्या कितीतरी पुढं गेलेली होती, म्हणजे ठिणगी फारच लवकर. कडकडण्याचे ते बारीक आवाज मला पोचतच नव्हते, म्हणून मी ठिणगी अजून लवकर, अजून लवकर आणत नेली होती. दिव्यानं खूण रेघेवर आणली. तिसऱ्यांदा चढ चढलो तेव्हा आई सबंध रस्ता डोळे मिटून ऐकत होती. वर पोचल्यावर म्हणाली, आता छान चाललीय. तेव्हा भिंगरी, व्हॅन ठणठणीत आहे, तिची काळजी करू नकोस.

परवा आईनं बाळाचं रडणं ऐकवायला फोन माझ्या कानाशी धरला, आणि मी म्हणालो, आवाज खणखणीत आहे हो. भिंगरी, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. हे फोनवर सांगितलं असतं तर तू काय म्हणालीस तेही कळलं नसतं, म्हणून लिहितोय. तुझ्याकडच्या एखाद्या चांगल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. तुम्हाला घेऊन परत येताना व्हॅन मी चालवत नाही, जावईबापूंना चालवू दे. आधी कानाचं बघू, मग तुम्हाला घरी आणू. रडायचं सोडून तो बोलायला लागायच्या आत मला ते रडणं ऐकायचंय.

तुझाच,
बाबा