बोटीने गेलेली दुपटी

मंगळवार, संध्याकाळ. चौतिसावा आठवडा.

घर रिकामं झालं. निखिलची बदली जर्मनीच्या तळावर, म्हणून अमेरिकन आर्मीच्या पॅकर्सनी आज सगळं सामान नेलं. आम्ही शुक्रवारी विमानाने जाणार, सामान बोटीने दोन महिन्यांनी पोचणार. म्हणजे बाळ झाल्यावर.

त्यातच दुपटीही गेली. आईने नागपूरहून पाठवलेली, तिच्या जुन्या सुती साड्यांची. चूक माझीच. पॅकरने विचारलं, "मॅम, यात काय आहे?" बाळाचं आहे, एवढं तोंडातून निघेना. जन्माआधी तयारी बोलून दाखवू नये, ही आईचीच शिकवण. म्हटलं, जुनी फडकी. त्याने बॉक्सवर तसंच लिहिलं. जुनी फडकी! टेक्सासमध्ये राहून मी कुणाच्या नजरेला घाबरले?

मग आईचा फोन. "दुपटी हाताशी ठेवलीस ना गं?" हो म्हटलं. खोटंच.

शेवटी निखिलजवळ रडले. हा न्यू जर्सीत वाढलेला, याला दुपट्याचं काय कळणार? त्याने सुटकेसमधून त्याचा पीटीचा टी-शर्ट काढला, धुऊन धुऊन विरलेला. "जुनंच लागतं ना? हा खूप जुना आहे, यार."

कात्रीसुद्धा बोटीत. त्याने दातांनी शिवण तोडली आणि टर्रकन फाडला. पोटात केवढी लाथ बसली!

तुकड्याची घडी घालून त्याने ती माझ्या पर्समध्ये ठेवली, आणि पॅकरसारखा आवाज काढला, "मॅम, यात काय आहे?"

"बाळाचं दुपटं," मी म्हटलं. रिकाम्या घरात केवढ्याने घुमलं.