नाण्यांच्या जमिनीची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, निवृत्त बस कंडक्टर, शिक्षण सातवी, आज शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टर घाईत होते, माझ्याकडे नीट पाहिलेही नाही. म्हणून उद्या कोणी म्हणू नये की म्हातारा भ्रमिष्ट होता. भीती वाटते, पण डोके जागेवर आहे.

१. भीती कसली ते आधी लिहितो. माझ्या पत्नीला दिसत नाही. ती या घरात पायांनी बघते. मी गेल्यावर माझे कपडे वाळायच्या आत मुलगा घरातली ही नाणी बसवलेली जमीन उखडून चकचकीत टाइल्स घालील, आणि ती स्वतःच्या घरात हरवेल. मरणाची भीती वाटत नाही असे नाही, पण ती या भीतीच्या मागे रांगेत उभी आहे.

२. जमिनीतली नाणी माझी आहेत. चलनातून गेलेली, झिजलेली नाणी प्रवासी गर्दीत माझ्या हातावर टेकवत. डेपो ती घेत नसे आणि तेवढे पैसे माझ्या पगारातून कापून घेई. तरीही डेपोतून कोणी मागायला आले तर हे कलम दाखवावे. जमिनीत पैसे आहेत असे बाहेर बोलू नये. चोर खोदून जाईल आणि खड्ड्यात पत्नी पडेल.

३. सगळीकडे नाणी पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवून वर पारदर्शक रेझिन ओतले आहे. तिथे पायाला काही लागत नाही, नुसती शोभा. वाटा मात्र उघड्या ठेवल्या आहेत, नाणी केसभर वर. शेगडीकडे मोठी, न्हाणीकडे नागमोडी काठाची, बाहेरच्या दाराकडे भोकाची. पॉलिशवाल्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नये. पहिली वाट मी चुकून माझ्या पावलांच्या अंतराने घातली होती. पत्नी म्हणाली, "मी काय बसमागे धावतेय?" मग तिला ओल्या पायांनी चालायला लावून ठशांवर नाणी मांडली.

४. मुलाला मी शिकवले, आता तो मला शिकवतो. त्याला ही जमीन गल्ला सांडल्यासारखी दिसते. मी दवाखान्यात असताना, आईच्या पायांना गार लागू नये म्हणून त्याने घरभर जाड गालिचा अंथरला. हेतू वाईट नव्हता, त्याचीच जास्त धास्ती वाटते. वाटा झाकल्या गेल्या आणि दाराची कडी समजून तिने पेटत्या शेगडीवर हात ठेवला. म्हणून घर त्याच्या नावे करत नाही. त्याला बँकेतली शिल्लक, माझे घड्याळ आणि तो गालिचा द्यावा.

५. घर सुनेला. तिने मला तोंडावर 'कटकटीचं मशीन' म्हटले आहे आणि ते मी विसरलेलो नाही. पण हात भाजला त्या दिवशी गालिचा तिनेच ओढून काढला. मग चपला काढून, डोळ्यांना फडके बांधून शेगडीपासून दारापर्यंत चालून पाहिले. भिंतीवर आपटली, पुन्हा चालली. अट एवढीच की सासू हयात असेपर्यंत याच घरात राहील आणि एकही नाणे हलणार नाही. निखळलेच तर त्याच काठाचे दुसरे डब्यात आहे. डबा कुठे ते सुनेला सांगितले आहे. इथे लिहायला भीती वाटते.

६. आणखी एक वाट पत्नीच्या खाटेपासून माझ्या खाटेपर्यंत आहे. माझा श्वास चालू आहे ना, हे बघायला ती त्या वाटेने येते. मी गेल्यावर ही वाट सर्वांत आधी बुजवावी. नाहीतर तिचे पाय तिला रिकाम्या खाटेपाशी नेतील.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. सहावे कलम ऐकून पत्नी म्हणाली, "ते खोडा."

मी म्हटले, अगं, तुला त्रास होईल.

"होऊ दे. तुम्ही नाही, हे मला रोज कोणी सांगत बसायचं? माझी मी जाऊन बघून येईन."

कलम सहा रद्द. खाडाखोड माझीच आहे, शेजारी सही केली आहे. खाटसुद्धा हलवू नये.

लिहून ठेवणार: सही (पहिली नीट न उमटल्याने दोनदा)
साक्षीदार: शेजारचा शिंपी, सही
साक्षीदार: औषधांच्या दुकानाचे मालक, सही
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: बावीस ऑगस्ट, दुपारी