दांड्यावरची इस्त्री

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा शिट्टी! आमच्या लाँड्रीचा बॉयलर जुना. आत वाफ फार झाली की वरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि शिट्टी मारतो. मग आच कमी करून थांबायचं असतं. आमच्याकडे? दादा केबिनमधून ओरडतो, "लटकवा इस्त्री!" बाबांच्या वेळची ती जडशीळ लोखंडी इस्त्री व्हॉल्व्हच्या दांड्याला अडकवली की शिट्टी बंद. वाफ आतच. सगळे परत कामाला.

अडकवणार कोण? माझेच हे. घरचे मेहुणे, म्हणून बॉयलर ह्यांच्या गळ्यात!

५ मार्च

मिस्त्री येऊन गेला. बॉयलरच्या पोटाला फुगवटा आलाय, म्हणाला. "ताई, तुम्ही तरी सांगा साहेबांना. मी इथे उभा राहणार नाही." चहासुद्धा न घेता गेला. दादा हसला — "नवा बॉयलर खपवायचाय त्याला, दुसरं काय!"

६ मार्च

हे जेवले नाहीत.

१० मार्च

जेवताना विषय काढलाच. म्हटलं, दादा, बंद कर तो, नवा येईपर्यंत काम बाहेर दे. "बाबा गेले तेव्हाही सगळे हेच म्हणत होते, बंद कर. केलं का मी?" खरंय ते. त्याच्या हट्टामुळेच आम्ही तगलो. म्हणून तर त्याच्यापुढे कुणाचं तोंड उघडत नाही. वहिनी भाजी वाढत राहिली.

दुपारी मला दाखवायला म्हणून दादाने खुर्ची बॉयलरपाशी नेली आणि पेपर वाचत बसला. "बघ, मेलो का?" असल्या माणसाशी काय बोलायचं! दमले मी.

१४ मार्च

सांध्यातून पाणी गळतंय. दादा म्हणाला, खाली बादली ठेवा. बादली!

१५ मार्च

ह्यांना म्हटलं, सोडा हे काम, दुसरीकडे बघा. "मी सोडलं तर दादा तिथे दुसऱ्या कुणाला तरी उभं करणार." मी रडले. मग ह्यांच्यावरच ओरडले. वर ह्यांनीच मला पाणी आणून दिलं.

२० मार्च

दादाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. महिनाभर कामाचं नाव काढायचं नाही, डॉक्टरांची ताकीद. कारभार माझ्याकडे! वाईट वाटायला हवं होतं, पण आधी सुटल्यासारखंच वाटलं. ह्यांना सांगून टाकलं, हॉटेलच्या चादरी तेवढ्या शनिवारी जाऊ देत, रविवारपासून बॉयलर बंद. आणि आता इस्त्रीला हात लावायचा नाही.

किती दिवसांनी हे पोटभर जेवले. बॉयलरच्या नावाने दोन शिव्याही हासडल्या. बरं वाटलं ऐकून.

२२ मार्च, शनिवार

दादाच्या खुर्चीत बसून लिहितेय. मघाशी शिट्टी झाली. हॉटेलची गाडी दारात, निम्म्या चादरी अजून ओल्या. हे माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "लटकवा इस्त्री."