आबांनी लिहिलेली स्क्रिप्ट

आबा, तुमच्या माघारी कारखान्याचे अकरा गळीत हंगाम झाले. इस्लामपूरच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या की मला अजूनही जेवण गोड लागत नाही. कोणाचा ऊस कधी तोडायचा, ती यादी काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. प्रत्येक गटाच्या क्लार्कला आपापल्या नियमांची छोटी स्क्रिप्ट लिहिता येईल अशी सोय त्यात ठेवली, आणि ती मिरवलीही. बाकीच्यांनी हात झटकले. तुम्ही मात्र, आपल्या गटाचे क्लार्क, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना स्वयंपाकघरात आईच्या परातीशेजारी वही घेऊन बसलात. "मोजायला अक्षर कंचं घिऊ रं?" तुम्ही विचारता. मी भाकरी मोडत म्हणतो, "एन घ्या, आबा. सगळे एनच घेतात."

मीही एनच घेतला होता. माझ्या फंक्शनमध्ये, म्हणजे यादी काढणाऱ्या मुख्य भागात, एन म्हणजे पुढची पाळी कोणत्या गटाची. तुमची स्क्रिप्ट त्याच फंक्शनच्या पोटात चालायची, तिला वेगळी जागा मी दिलीच नव्हती. तुम्ही एन घेऊन आपल्या गटाचे उसाचे फड मोजलेत, तसा माझा एन बदलला आणि पाळी फिरून फिरून आपल्याच गटावर येत राहिली. शेजारच्या गटाचा ऊस तुरे येऊन तसाच उभा.

कारखान्याच्या बैठकीत त्या गटाचे एक म्हातारे शेतकरी उठले. "आवं, एवढी वर्सं सरळ वागला. जाता जाता सोयऱ्यांचा ऊस पुढं काढला व्हय?" तुम्ही टोपी काढून हातात धरलीत. "मुद्दाम न्हाई वो. पर लिवलंय मीच. चूक माझीच हाय." मी मागच्या बाकावर होतो. खरं कारण मला आदल्याच दिवशी सापडलं होतं. मी उठलो नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते आपल्याच घरात झालं. तुम्ही कारखाना सोडलात, लग्नकार्याला जाणंही सोडलंत. "मला कळत न्हवतं त्यात हात घालायला नको हुता," असं आईला म्हणालात, तेव्हाही मी शेजारच्या खोलीतून ऐकत होतो. मला नोकरीची भीती होती, आबा. दुसरं काही नाही.

बैठकीच्याच आठवड्यात मी दुरुस्ती केली. आता प्रत्येक स्क्रिप्ट स्वतःच्या कोऱ्या जागेत चालते. तिला लागेल तेवढ्या माहितीची प्रत मिळते, एनसारख्या माझ्या व्हेरिएबलांना तिचा धक्का लागत नाही. चार ओळींचं काम होतं. हे पत्र मी आईलाही वाचून दाखवणार नाही. दुरुस्ती केली की कारण नोंदवावं लागतं. मी लिहिलं होतं, 'क्लार्कच्या चुकीपासून संरक्षण'. ती नोंद बदलायचा अधिकार फक्त मला आहे. मी ती अजून बदललेली नाही.