मुडा कुठं टांगायचा

मॅडम, उद्या मला आपल्याच कॉलेजात पाहुणी वक्ता म्हणून बोलवलंय. विषय शाश्वत ग्रामविकास. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. दोनदा दूध उतू गेलं, तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, लग्न आहे का उद्या?" तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, तरी भीती वाटतेय ती तुमचीच.

मी शिकत होते तेव्हा डोंबिवलीत दर शनिवारी तुम्ही कुणाला तरी व्याख्यानाला आणायचात. सफारीतले साहेब स्लाइड्स दाखवायचे आणि आम्ही जांभया गिळून टाळ्या वाजवायचो. त्यातल्याच एका साहेबांनी बिनधुराच्या चुली शिकवल्या, आणि हिवाळ्यात आपण दिवा स्टेशनापलीकडच्या खाडीकाठच्या गावात जाऊन चुली घातल्या. पहिली माझी. काय मिरवले मी! चिखलाने भरलेल्या हातांनी फोटोसुद्धा काढून घेतला. पेरणीच्या सुमारास तुम्ही एकट्याच त्या गावी जाऊन आलात. आम्हाला एका शब्दाने बोलला नाहीत, आणि पुढच्या शनिवारी माझ्या चुलीची मालकीणच पाहुणी म्हणून व्यासपीठावर आणून बसवलीत. साहेबांना दिली तशीच शाल, तसाच नारळ. ती खुर्चीच्या टोकावर बसलेली, सारखा पदराने घाम पुसत. "चूल बरी हाय," ती म्हणाली, "डोले जलत नाय. पन पेंढ्यात बांधलेला भाताच्या बियान्याचा मुडा आमी चुलीच्या वर टांगतो. धुरानं त्याला कीड लागत नाय. औंदा धूर नाय, तं सगला बी किडला." मग माझ्याकडे बघून, जराही न रागावता, म्हणाली, "पोरी, चूल तू घातलीस. आता मुडा कुठं टांगू, ते पन तूच सांग." सगळे हसले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "पुढच्या रविवारी येते," असं म्हणून, आभारप्रदर्शन माझ्याकडेच होतं ते मी "पाहुण्यांचे आभार" एवढ्यावर उरकलं आणि सुटले.

गेलेच नाही हो मी. पहिल्या रविवारी मावशीकडे बारसं होतं, दुसऱ्या रविवारी लाज वाटली, तिसऱ्या रविवारी जास्त वाटली. तुम्ही स्टाफरूमच्या दारात गाठलंत. "गेलेलीस का गं?" "हो, मॅडम." "मग?" आणि मी दिलं ठोकून, की बी राखेत मिसळून मडक्यात ठेवायला सांगितलं आणि तिला ते पटलं. तुमचा चेहरा काय खुलला! "चुका सगळेच करतात, परत जाणारे थोडे," असं म्हणून गावोगाव न्यायची तुमची शबनम तुम्ही माझ्या खांद्याला अडकवलीत. पुढे प्रत्येक बॅचला तुम्ही हीच गोष्ट सांगायचात. आता मीही सांगते, तोंड वर करून. त्या थापेवर मी पाहुणी झालेय, मॅडम.

आठवड्यापूर्वी निमंत्रण घेऊन कॉलेजातली एक मुलगी घरी आली. ती गोष्ट तिला तोंडपाठ! म्हणाली, "मॅम, त्या बाईंनाही स्टेजवर बोलवू या ना! नाव-पत्ता द्या, आम्ही जाऊन घेऊन येतो." मी "बघते" म्हणाले आणि तिला चहा करायला उठले.

काल शेवटी त्या गावी गेलेले. शेतं होती तिथे चाळी झाल्यात, आणि नळापाशी ही हंड्यांची रांग. रांगेतल्या एका म्हातारीला विचारलं, चुलीवर मुडा टांगणारी, कॉलेजात बोलायला गेलेली बाई कुठं राहते? ती म्हणाली, "बाय, मुडा तं समदेच टांगायचे. नाव सांग, घर दावते." मी पुन्हा चूल, शाल, नारळ एवढंच सांगत राहिले. रांग पुढे सरकली, तशी म्हातारीही हंडा घेऊन पुढे गेली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तुमच्या शबनममध्येच ठेवतेय. उद्या किडलेलं बी सांगायचं, न गेलेले रविवार सांगायचे, एवढं तरी ठरवलंय. पण ती मुलगी पुन्हा नाव विचारणारच. व्यासपीठावर तुम्ही पाहुणीचं नाव घेतलंत ना, मॅडम, तेव्हा मी आभाराचा कागद पाठ करत होते.