घरनंबरासकट

३ मार्च, मंगळवार
ठरलं. ताइनान सोडायचं. तैपेईच्या एका गॅलरीने अर्ज मागवलेत. निवड झाली तर वर्षभर राहायला खोली, शेवटी प्रदर्शन. विषय पक्का: आमच्या गल्लीतल्या खिडक्यांच्या जुन्या लोखंडी जाळ्या. वाकवलेल्या सळ्यांचे डोंगर, मासे, एका ठिकाणी चक्क व्हायोलिन. इथल्या लोकांना ते दिसत नाही. मला दिसतं. मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, भावनेच्या भरात काही करत नाही. आईला निवड झाल्यावरच सांगेन. उगाच बोलणं वाढतं.

६ मार्च, शुक्रवार
पद्धत: समोरून, सरळ, घरनंबरासकट, कडेला मोजपट्टी. ऑफिसमधून थेट जाते, त्यामुळे जॅकेट आणि गळ्यातलं ओळखपत्र तसंच. संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की सगळी गल्ली पिशव्या घेऊन बाहेर येते. खिडक्या मोकळ्या. आज मला पाहून रांगेतलं बोलणं थांबलं. कामाचा दरारा असतो.

१० मार्च, मंगळवार
समोरच्या वू मावशींनी पिशवीभर पेरू दिले. म्हणाल्या, तुझ्या साहेबांनाही दे हो. गच्चीवरची आमची पत्र्याची खोली पुढच्या वादळात आपोआप उडेल, तोवर थांब जरा.
विनोदी बाई. त्या खोलीचा फोटो मी कालच घेतलाय. प्रकाश चांगला होता.

१४ मार्च, शनिवार
गल्लीत वेल्डर आलाय. व्हायोलिनची जाळी उतरवली. रंगवायला नेली असणार. माझ्यामुळे लोकांना मोल कळू लागलंय. अर्जात हे लिहायला हवं: 'स्थानिकांचा सहभाग'.

१५ मार्च, रविवार
व्हायोलिनच्या जागी स्टीलचे सरळ गज. तात्पुरते असावेत.
अर्ज पाठवला.

१९ मार्च, गुरुवार
वॉर्डप्रमुख कुओ काका घरी आले. आई बाजारात होती, ते बरं. चहा घेतला नाही. म्हणाले, पोरी, आमच्याशी तुझं भांडण काय? जाळ्या भिंतीबाहेर आल्यात, बेकायदा आहेत, आम्हालाही ठाऊक आहे. पण पालिकेला फोटो पाठवून तक्रारी करणारे परके असतात. तू तर आमच्या अंगणात रांगलीस.
मी शांतपणे सांगितलं, ही कला आहे.
म्हणाले, कला? घरनंबरासकट?
मोजपट्टीचं कारणही समजावलं. बराच वेळ मान हलवत होते. पटलं असावं.

२१ मार्च, शनिवार
मासे गेले. डोंगरही गेले. वेल्डरला विचारलं, जुन्या जाळ्या कुठे आहेत? भंगारात, म्हणाला. मग हळूच, ताई, तुमच्यामुळे धंदा बरा चाललाय, पुढची गल्ली कधी घेताय?
गल्लीचा गैरसमज एका नोटिशीने दूर होईल. मजकूर तयार आहे. सोमवारी लावते.

२३ मार्च, सोमवार
निवड झाली!
एकच अट. पुढच्या आठवड्यात समितीचे दोघे येऊन जाळ्या जागेवर पाहतील, मग पत्र पक्कं. अडचण नाही. गल्लीत एक जाळी शिल्लक आहे: आमची. पाच पाकळ्यांची फुलं, उत्तम जोडकाम. एकीवर खोल काम करता येतं. बॅग काढून ठेवली. नोटीस आता लावायची गरज नाही.

२६ मार्च, गुरुवार
ऑफिसमधून आले तर माझ्या खिडकीला स्टीलचे गज. आई म्हणाली, लेकीने सगळ्यांच्या काढायला लावल्या आणि स्वतःची तेवढी ठेवली, असं ऐकून घेऊ? वू मावशींनीच वेल्डर पाठवला. चांगली आहे बिचारी, असंही म्हणाली.
गॅलरीला कळवलं. उत्तर लगेच आलं, अगदी सभ्य. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा.
नवं काम तपासलं. वेल्डिंग ठीक आहे. पण नियमाप्रमाणे आगीत बाहेर पडायला जाळीत एक उघडणारं दार हवं. ते ठेवलेलं नाही. आईला तसं सांगितलं.
ती म्हणाली, तुला कुठे जायचंय?